एका फोटोला किती नावं

रविवारी सकाळी सुमेध लॅपटॉपची काळी बॅग खांद्याला लावून दारात रिक्षातून उतरला, तेव्हा सदानंद संगणकासमोर बसल्या बसल्या डुलकी घेत होता. हात माउसवरच होता. पडद्यावर त्याची आई केळीच्या लोंगराखाली उभी होती, डोक्यावरचा पदर एका हाताने सावरत. खिडकीतून येणारा वाडीचा हिरवा उजेड तिच्यावर पडला होता. फोटोतला उजेड कुठे संपतो आणि बाहेर वाघोली गावातला कुठे सुरू होतो, हे डोळे उघडल्यावर त्याला क्षणभर समजलं नाही.

हल्ली हे रोजचं झालं होतं. सदानंदने मुंबईत एका कारखान्यात जन्मभर नकाशे काढले आणि जपले. निवृत्त झाल्यावर त्याने स्कॅनर आणला आणि घरात जे जे कागदावर होतं ते एकेक करून त्या काचेवर पालथं घातलं. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, वाडीचे नकाशे, आईच्या दुखण्याचे रिपोर्ट आणि फोटो, फोटो, फोटो. जुन्या कॅसेटींतली हळदीची गाणीसुद्धा त्याने वायर जोडून आत घेतली. दोन पावसाळे यात गेले. आता सगळं होतं आणि काहीच सापडत नव्हतं. यंत्राने प्रत्येक कागदाला नुसता एक आकडा दिला होता. एक शोधायला जावं तर दुसरंच समोर यायचं, त्याच्यामागून तिसरं, आणि दुपार कलून जायची. खरं सांगायचं तर सदानंदला त्यातच गोडी वाटायची. आपल्याच घरात रस्ता चुकल्यासारखा तो भटकत राहायचा.

त्याच्या बायकोला, आशालताला, मात्र ते मुळीच मान्य नव्हतं. "परवा शाळेचा दाखला मागितला तर ह्यांनी मला स्वतःच्या मुंजीचे फोटो दाखवले," ती सुमेधला चहा देता देता म्हणाली. "आज काय तो सोक्षमोक्ष लावा रे बाबांनो."

त्यासाठीच सगळे जमणार होते. पाडव्याला घराघरात एकेक प्रत द्यायची, आणि त्याआधी हे सगळं नीट लावून ठेवणारं सॉफ्टवेअर निवडायचं, असं ठरलं होतं. सुमेध, थोरल्या भावाचा मुलगा, कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि एव्हरशाईन सिटीत राहायचा. त्याने एक निवडलं होतं. सदानंदची मुलगी क्षितिजा कॉलेजच्या लायब्ररीत होती. तिने दुसरंच निवडलं होतं. विरारच्या मनवेलपाड्यातून ती स्कूटीवर आली आणि हेल्मेट काढायच्या आधीच सुमेधला म्हणाली, "तुझं ते कपाटवालं आणलंस ना? आण, आण. आज त्याची परीक्षा."

सदानंदचे थोरले भाऊ, सुमेधचे वडील हरिभाऊ, सर्वांत शेवटी आले. वाडीतून पाय धुऊन आले आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण अजून शिंपणं स्वतः बघायचे. घरातली कुठलीही गोष्ट सगळ्यांनी बसून ठरवायची हा त्यांचा नियम, आणि शेवटी ते म्हणतील ते व्हायचं हा घराचा. आशालताने त्यांच्यासमोर चहा आणि बशीत दोन सुकेळी ठेवली. सोललेलं राजेळी केळ उन्हात वाळून मधाच्या रंगाचं झालेलं. ते हळूहळू चावत ते म्हणाले, "हं, चालू करा तुमचं."

सुमेधच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर खरोखरच एक सागवानी कपाट उघडलं. खण, खणांत फायली, प्रत्येक फायलीला पितळी मूठ. "कागद एकदा आत गेला की त्याची जागा ठरली," सुमेध म्हणाला. "एक कागद, एक खण. आणि हे बघा बाबा, माणसांची माहिती भरली की वंशावळ आपोआप तयार होते."

त्याने आजोबांचं नाव इंग्रजीत भरलं, आजीचं भरलं. नाव, नातं, जन्म, मृत्यू. दोन चौकोनांतून एक रेघ खाली उतरली आणि हरिभाऊ खुर्चीत पुढे सरकले. "अरे वा," ते म्हणाले. सदानंदलाही ते बरं वाटलं. एक नकाशा, एक नंबर, एक खण. चाळीस वर्षं तो याच विश्वासावर जगला होता.

"मराठीत लिही ना," क्षितिजा म्हणाली.

सुमेधने वाडी शिंपायच्या पाण्याच्या खड्ड्याकाठचा, बावखलाकाठचा, एक फोटो घेतला आणि त्याखाली 'बावखल' असं लिहिलं. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींची एक ओळ उमटली. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा चौकटीच.

"इंग्रजीतच लिहायचं. त्यात काय एवढं?"

"माझ्या आईचं नाव तू मघाशी इंग्रजीत घातलंस, ते मी चालवून घेतलं," हरिभाऊ म्हणाले. "पण बावखलाला इंग्रजीत काय म्हणणार? तळं? तळं निराळं आणि बावखल निराळं." आणि ते क्षितिजाकडे वळले. "तुझं दाखव."

क्षितिजाच्या सॉफ्टवेअरला कपाट नव्हतं, खण नव्हते. दिसायला अगदीच भुंडं. फोटो डावीकडे, उजवीकडे शब्द लिहायला कोरी जागा. तिने त्याच फोटोला 'बावखल' हा शब्द लावला आणि तो स्वच्छ उमटला. मग 'उन्हाळा'. मग 'आजी', कारण कोपऱ्यात आजी बसली होती. "आता यातला कुठलाही शब्द शोधा, हा फोटो येणार. एका फोटोला हवी तितकी नावं. आणि मूळ फोटो जिथे आहे तिथेच राहतो, मोठेकाका. सुमेधदादाचं कपाट सगळं गिळून आपल्या पोटात ठेवतं. उद्या ती कंपनी बंद पडली तर आपण कपाट फोडायचं कसं?"

"आणि तुझं सॉफ्टवेअर कोणी लिहिलंय? कुठल्या तरी देशातल्या दोन पोरांनी, फुकट. उद्या त्यांना कंटाळा आला म्हणजे?"

"आला तर आला. फोटो आपल्याच हातात राहतील आणि शब्द साध्या फाईलमध्ये. बाबांना नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येतील."

सुमेध विचारात पडला. तो हट्टी नव्हता, आणि हा मुद्दा त्याच्या धंद्यातला होता. "बाहेर पडायची वाट आहे म्हणतेस," तो पुटपुटला. तो फोटो त्याने मोठा केला. "बरं, मग पूर्ण तरी करू. ह्या आजी. हे बाबा, पाण्यात पाय सोडून बसलेत. हा शेंबडा म्हणजे सदाकाका. आणि ही कोण?"

काठावर एक मुलगी उभी होती. ओल्या वेणीचं टोक हातात धरून ती पिळत होती आणि कोणीतरी काहीतरी बोलल्यामुळे मनापासून हसत होती. तोंड किंचित उघडं, डोळे बारीक झालेले. तिच्यामागे पाण्यावर माडांच्या सावल्या पडल्या होत्या आणि तिच्या हसण्याने त्या हलल्या असाव्यात असं वाटत होतं.

हरिभाऊंनी तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर पंपाचा आवाज येत होता.

सुमेधला काय ते उमगलं असावं. घरात एक आत्या होती, ती शेजारच्या गास गावच्या सॅन्टनबरोबर लग्न करून गेली आणि चर्चमध्ये तिचं नाव व्हेरोनिका झालं, इतकं त्याला ठाऊक होतं. चेहरा त्याने पहिल्यांदाच पाहिला.

"ते नाव लावायचं नाही," हरिभाऊ म्हणाले.

"मोठेकाका, अहो फोटोत त्या आहेत तर—"

"फोटोत आहे. घरात नाही. हे तुझं शब्दांचं नको, क्षितिजा. त्यात कोणीही कुठूनही आत येईल. कपाटच बरं. इंग्रजी तर इंग्रजी. सुमेध, तुझ्या त्या कपाटात काय काय खण आहेत?"

"कुटुंब, शेजारी, इतर," सुमेध हळूच म्हणाला.

"इतरांत घाल. आणि वंशावळीत घालायचीच असेल तर मृत्यू घाल. साल अठ्ठावन."

सदानंदने पडद्यावरून नजर काढली नाही. साल अठ्ठावन म्हटल्याबरोबर तो त्या काठावर जाऊन उभा राहिला. चौदा वर्षांचा, हातात दादाचं कोरडं धोतर घेऊन. वडील ओट्यावर बसले होते. दादाने त्यांच्या सांगण्यावरून बहिणीच्या नावाने बावखलात बुडी मारली, वर आला, आणि काठावर येऊन थरथरत उभा राहिला. थंडीचे दिवस नव्हते. पाणी त्याच्या केसांतून, भुवयांतून वाहत होतं, आणि सदानंदला त्या वेळी एवढंच समजलं होतं की धोतर पुढे करायला हवं. आज एकोणपन्नास वर्षांनीही हात तसाच पुढे धरलेला आहे, असं त्याला वाटलं.

"दादा," तो म्हणाला, "ती गासला आहे. इथून सायकलवर गेलं तर घाम येण्याआधी पोचता येतं. जिवंत माणसापुढे मी मृत्यू लिहिणार नाही."

त्याने दादाला असं कधी म्हटलं नव्हतं. जमिनीच्या वाटणीतसुद्धा नाही. हरिभाऊंच्या हातातलं सुकेळं बशीवर तसंच राहिलं.

"मी तिच्या नावाने आंघोळ केलीय. मी, तू नाही. बाबांनी सांगितलं आणि मी केली. आज तिचं नाव घरच्यांत लावलं तर मी त्या दिवशी काय केलं? खेळ केला?"

क्षितिजाचे डोळे भरून आले होते. आपण आग्रह धरून म्हाताऱ्या माणसाला कुठे नेऊन उभं केलं हे तिच्या ध्यानात आलं होतं. "राहू दे मोठेकाका," ती म्हणाली, "हा एक फोटो आपण बाजूला ठेवू."

"एक नाही," आशालता म्हणाली.

ती दारात उभी होती, ओल्या हातांनी. "अर्ध्याअधिक फोटोंत ती आहे. आणि ती नसेल तिथे जी माणसं आहेत, ती कोण ते ह्यांना सांगता येत नाही, तुम्हालाही सगळी येत नाहीत. मी ह्यांना रोज बघते ना, एकेका फोटोवर येऊन थांबतात आणि तिथेच डोळा लागतो. नावं वन्संना माहीत आहेत."

"तुला कसं ठाऊक?" सदानंदने विचारलं.

"मीच विचारलंय त्यांना. माणिकपूरला बाजारात भेटतात. वर्षानुवर्षं भेटतोय आम्ही." तिने बशीकडे पाहिलं. "दादा, ही सुकेळी तुम्ही आवडीने खाता. कुठून येतात ते कधी विचारलंत का? त्याच वाळवतात. आणि मला सांगतात, हरीला थोडी मऊ असतानाच द्यायची."

हरिभाऊंनी बशीकडे पाहिलं. मग ते अगदी सावकाश उठले, काठी घेतली आणि मागच्या दाराने वाडीत निघून गेले.

जेवण झालं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. हरिभाऊ येऊन जेवले, मान खाली घालून, भात मागायलासुद्धा बोलले नाहीत. नंतर पुन्हा मागच्या ओट्यावर जाऊन बसले. दुपारी ठरल्या वेळी भारनियमनामुळे वीज गेली. पंखा थांबला, यूपीएस थोडा वेळ टुकटुकला आणि संगणक विझला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की पानवेलीवर चिमण्या काय करतायत तेही ऐकू येऊ लागलं.

सदानंद काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि मागे खिडकी. थोड्या वेळाने तो उठला, चप्पल घातली आणि क्षितिजाला म्हणाला, "स्कूटी काढ."

"कुठे?"

"गासला."

वाघोलीहून गासची वाट त्याने आयुष्यभर टाळली होती आणि तरी तिचं एकेक वळण त्याला पाठ होतं. दुपारच्या उन्हात रस्त्यावर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंनी केळी, मध्ये फुलझाडांचे वाफे, पुन्हा केळी. एक बावखल गेलं, हिरव्यागार शेवाळाखाली झोपलेलं. वळणावरचा पांढरा क्रूस गेला, त्याच्या पायाशी कोणीतरी झेंडू वाहिला होता. क्षितिजाच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसलेल्या सदानंदला वाटलं, आपण पुढे जात नसून हे सगळंच एकापाठोपाठ एक आपल्यासमोर येतंय, घरच्या त्या पडद्यावर येतं तसं, आणि शोधायला निघालो होतो ते आता कुठल्याही क्षणी समोर येईल.

आलंच. अंगणात बांबूच्या मांडवावर सोललेली केळी वाळत होती आणि एक म्हातारी वाकून ती एकेक करून उलटत होती. डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला. सगळ्या अंगणाला गोडसर वास सुटला होता. तिने स्कूटीचा आवाज ऐकून मान वर केली, डोळ्यांवर हात धरला. त्यांनी एकमेकांना इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं असं नाही. एसटीच्या स्टॉपवर, डॉक्टरच्या दारात, लांबून, मान वळवायच्या आधी.

तिच्या हातातलं केळ खाली पडलं.

"कोन गेलं?" ती म्हणाली. "सदू, कोन गेलं? हरी?"

सदानंदने नुसतीच नकारार्थी मान हलवली.

"अरे बोल ना! आशालता?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "कोणी गेलं नाही, जयाताई. सगळे आहेत. फोटो बघायला चल म्हणून आलोय."

ती मांडवाचा बांबू धरून उभी राहिली. घरातून तिची सून ग्रेसी बाहेर आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता स्टूल आणून ठेवलं. जयवंती स्टुलावर बसली. "मेल्या," ती म्हणाली, "असं ध्यानीमनी नसताना येतात होय? माझं काळीज फुटलं असतं." आणि मग तिला रडू आलं. ती बराच वेळ पदरात तोंड घालून रडली, आणि सदानंद तिच्यासमोर उभा राहून, काय करावं ते न सुचून, पडलेलं केळ उचलून त्याला लागलेली माती झटकत राहिला.

क्षितिजाने तिला सगळं समजावून सांगितलं. फोटो, आकडे, कपाट, शब्द. जयवंतीने कान देऊन ऐकलं. "म्हंजे ओळखायची माणसं?" ती म्हणाली. "ती काय, मी ओळखीन. पन त्या घरात मी मेलेली बाई. हरी काय म्हनतो?"

खोटं बोलावं असं सदानंदच्या मनात येऊन गेलं. "नको म्हणतो," तो म्हणाला.

यावर जयवंती हसली. डोळे बारीक झाले, तोंड किंचित उघडलं. "तर मग आहे अजून तसाच," ती म्हणाली आणि ग्रेसीला हाक मारली, "कपाटातली निळी साडी काढ गो माझी."

ती स्कूटीवर क्षितिजाच्या मागे बसून आली. सदानंद रिक्षाने मागाहून आला. दारात उतरल्यावर ती लगेच आत गेली नाही. उंबऱ्याबाहेर थांबून तिने वर कौलांकडे, मग नव्या खोलीच्या स्लॅबकडे पाहिलं. आशालताने पायांवर पाणी घातलं. सुमेध वाकून नमस्कार करायला गेला तर तिने त्याला मध्येच धरलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "नाक आमच्या बाबांचं घेतलंस."

हरिभाऊ मागच्या ओट्यावरच होते. त्यांना आवाज ऐकू गेलेच असणार. ते आले नाहीत, पण उठून वाडीतही गेले नाहीत.

वीज आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. सुमेधने आपला लॅपटॉप मिटून ठेवला आणि कोणी न सांगता क्षितिजाचं सॉफ्टवेअर काकाच्या संगणकावर चढवलं. "बाहेर पडायची वाट असलेलंच घेऊ," एवढंच तो म्हणाला. टाइप करायलाही तोच बसला. जयवंतीला मधल्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर पहिला फोटो आला तशी ती मागे सरकली, मग पुढे झाली आणि काचेला बोट लावलं. "हा काशिनाथमामा. याला फटाक्याने कान भाजला होता, म्हनून टोपी." पुढचा. "ही इंदू. आपल्या फुलांचे हारे बांधायची, बाजाराच्या टोपल्या." पुढचा. "हे कोनी नाही, हा फोटोवाल्याचाच माणूस, मध्ये आला." सगळे हसले. सुमेध लिहीत होता, क्षितिजा शब्द जोडत होती, आणि सदानंद मागे उभा राहून बघत होता. ज्या चेहऱ्यांसमोर तो दोन पावसाळे डुलक्या घेत बसला होता ते एकेक करून जागे होत होते. मामाच्या टोपीखाली कान होता. इंदूच्या बोटांना दोरा होता.

बावखलाचा फोटो आला. "ही मी," जयवंती म्हणाली आणि थांबली.

"नाव काय लावू, आत्या?" सुमेधने विचारलं. "जयवंती की...?"

"दोनी लाव. तिकडे व्हेरोनिका शोधतील, इकडे जयवंती. सापडले म्हंजे झालं."

हळूहळू ते जुन्या फोटोंकडे गेले. एक फार जुना, चट्टे पडलेला. दारासमोर बाई उभी, नऊवारीत, कमरेवर गुटगुटीत मूल, आणि तिच्या शेजारी एक किडकिडीत तरुण मुलगी, नाकात मोठी नथ. जयवंतीने बराच वेळ पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "आई आहे. कडेवर हरी. पन ही नथवाली कोन? हिला मी बघितलीच नाही कधी." ती कावरीबावरी झाली. "अशी कशी मला आठवत नाही?"

"तुला कुठून आठवणार?"

हरिभाऊ मागच्या दाराशी उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. काठी भिंतीला लावून ठेवली होती.

"यमूआत्या ती," ते म्हणाले. "तू जन्मायच्या आधीच गेली. मलासुद्धा नुसती नथ आठवते. मी ओढायचो."

तो 'तू' सगळ्यांनी ऐकला होता. जयवंतीने वळून पाहिलं नाही. पडद्याकडे तोंड करून ती सुमेधला म्हणाली, "लिही, यमूआत्या."

सुमेधने लिहिलं. आशालताने एक खुर्ची आवाज न करता ओढली आणि हरिभाऊ येऊन तिच्यावर बसले, बहिणीपासून हातभर लांब. त्या दोघांच्या मागून सदानंदला पडदा आणि दोन पांढरी डोकी एवढंच दिसत होतं. फोटो येत राहिले. कधी ती सांगायची, कधी ते. एकदा दोघं एकदम बोलले आणि दोन वेगवेगळी नावं निघाली. "दोन्ही लाव," हरिभाऊ म्हणाले. "कळेल पुढे."

बाहेर वाडीत संध्याकाळ उतरत होती. पडद्याचा उजेड आता बाहेरच्या उजेडापेक्षा जास्त झाला होता आणि तो त्या दोघांच्या चेहऱ्यांवर हलत होता, पाण्यावरून परतून आल्यासारखा. सदानंद उभ्या उभ्या पेंगायला लागला होता की जागाच होता, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला मध्ये मध्ये वाटायचं, आपण सगळेच त्या काचेच्या आत आहोत आणि बाहेरून कोणीतरी आपल्याला नावं लावतंय.

निघायची वेळ झाली. ग्रेसीचा फोन येऊन गेला होता. जयवंती उठली, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि साडीच्या निऱ्या नीट केल्या. तेव्हा हरिभाऊंनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुझ्याकडे पण असतील ना?" ते म्हणाले.

"काय?"

"फोटो. लग्नाचे, पोरांचे." ते थोडं थांबले. "सॅन्टनचे. तेही आण. यातच घालू."

जयवंतीने नाक ओढलं. "चिक्कार आहेत," ती म्हणाली. "पोतं भरेल. मी म्हातारी बाई कशी आणू? उचलायला कोन येनार?"

सुमेध "मी येतो" म्हणायला उठलाच होता. हरिभाऊंनी हाताने त्याला खाली बसवलं आणि भिंतीला टेकवलेली काठी घेतली.

"मी येईन," ते म्हणाले. "उद्याच येईन."